ओडिलियाचा धर्मबाप

मुलांनो, आधी एक खड्डा डोळ्यांपुढे आणा. मोठा माणूस आत उतरला तर त्याचं डोकंच काय ते वर दिसेल, एवढा खोल. आतून विटांनी बांधलेला, वर्षानुवर्षांच्या धुराने काळा झालेला. तळाशी मेस्कीट नावाच्या काटेरी झाडाच्या लाकडाचे लालभडक निखारे. त्यांच्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बैलांची मुंडकी. वर पत्रा आणि पत्र्यावर मातीचा थर. रात्रभर मांस आत मुरतं. सकाळी पत्रा सरकवला की असा वास सुटतो की नुकत्याच जेवून उठलेल्या माणसालाही पुन्हा भूक लागते.

दिसला खड्डा? आता त्याच्या काठावर नऊ वर्षांची एक मुलगी बसवा. पाय आत सोडून बसलेली, गुडघे खरचटलेले, वेणी अर्धी सुटलेली. ही ओडिलिया. खड्डा तिच्या बापाचा, चोन लोंगोरियाचा. गाव पालो सेको, टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला. नदीच्या पलीकडे मेक्सिको, अलीकडे अमेरिका. वस्तीतल्या लोकांचे पणजोबा तिथे राहायला आले तेव्हा नदी नुसती नदी होती. ती कुणाची हद्द नव्हती.

त्या वस्तीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. चोनचं मांस ज्याच्या मेजवानीला, वस्ती त्याच्या मेजवानीला. आणि वस्ती ज्याच्या मेजवानीला जाई, मतंही त्यालाच पडत. म्हणून निवडणूक जवळ आली की चोनच्या अंगणात टोप्या उतरायला लागायच्या. एरवी वस्तीतल्या माणसाकडे ढुंकूनही न पाहणारे लोक तिथे येऊन कोंबड्यांचीसुद्धा विचारपूस करायचे.

आजवर ही मेजवानी शेरीफ वेड टॉरन्सची असे. तिथे शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, आणि त्याला लोक मतं देऊन निवडतात. हा गोरा, धिप्पाड माणूस, पण स्पॅनिश बोलायचा वस्तीतल्या म्हाताऱ्यांसारखी, कारण त्याला लहानपणी सांभाळणारी दाई याच वस्तीतली होती. त्याची खरी युक्ती मात्र मांसाची नव्हतीच. वस्तीत कुणाकडे बाळ जन्मलं की टॉरन्स टोपी हातात घेऊन दारात हजर. "याचा बाप्तिस्मा माझ्या हातांवर होऊ द्या," म्हणायचा. चर्चमध्ये पाण्याच्या कुंडापाशी तो बाळाला हातांवर घ्यायचा आणि त्याचा पाद्रिनो, म्हणजे धर्मबाप व्हायचा. बाहेर आल्यावर पोरांवर मूठमूठ नाणी उधळायचा. त्या दिवसापासून बाळाचा बाप आणि शेरीफ एकमेकांचे कोम्पाद्रे.

हे नातं तिथे सख्ख्या भावाच्या नात्यापेक्षा वरचं. भाऊ भावाशी भांडेल, वाटणी मागेल, तोंड फिरवेल. पण कोम्पाद्रे कोम्पाद्रेला खोटं बोलत नाही, त्याचं मागणं मोडत नाही आणि काही झालं तरी त्याच्यावर हात उचलत नाही. ओडिलियाची आई तोमासा पोरांना निजवताना सांगायची, "कोम्पाद्रेवर हात टाकणाऱ्याला जमीनसुद्धा पोटात घेत नाही." ओडिलियाने हे इतक्यांदा ऐकलं होतं की निखारा भाजतो हे जसं खरं, तसंच हेही खरं, असं तिला वाटायचं. तिचा धर्मबाप खुद्द शेरीफ होता. रस्त्यात भेटला की ती धावत जाऊन त्याच्या हाताचं चुंबन घ्यायची आणि तो तिच्या कपाळावर बोटाने क्रूस काढायचा.

त्या वर्षी मात्र शेरीफविरुद्ध एक माणूस उभा राहिला. आमादोर बारेरा, औषधांच्या दुकानाचा मालक. आडनाव वस्तीतलं, पण राहायला गोऱ्यांच्या गल्लीत. तो पहिल्यांदा अंगणात आला तेव्हा टोपी छातीशी धरून उभाच राहिला.

"बसा ना, डॉक्टर," तोमासा म्हणाली. औषधवाल्याला वस्ती डॉक्टरच म्हणायची. "खुर्ची चावत नाही. तुमच्या दुकानात आम्हाला उभं ठेवता, म्हणून तुम्हालाही उभं राहायची सवय लागली की काय?"

बारेरा कसनुसा हसला आणि बसला. "तोमासाबाई, आपलं रक्त एक आहे. आजवर या खुर्चीवर आपला माणूस कधी बसला नाही."

"कुठल्या खुर्चीवर? त्या? ती मोडकी आहे, जपून बसा."

चोन हसला. बारेराने मग मुद्द्याला हात घातला. तोमासाच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, त्याच्या गालाला बोट लावत तो म्हणाला, "याचा बाप्तिस्मा अजून व्हायचाय ना? मला पाद्रिनो करा."

"बघा!" तोमासा म्हणाली. "दूध पाजायला मी एकटी, आणि बाप व्हायला रांग."

"बाळ नाही देणार," चोन म्हणाला. "मतांसाठी एक लेकरू दिलं, ते पुरे झालं. पण रविवारच्या तुमच्या मेजवानीचं मांस माझ्या खड्ड्यातलं असेल."

चोनने असं का केलं, तेही सांगतो. वसंतात तोमासाचा धाकटा भाऊ लिब्राडो दारू पिऊन रस्त्यात गात होता. शेरीफचा शिपाई हॅगन त्याला कोठडीत घेऊन गेला. सकाळी लिब्राडो घरी आला तेव्हा त्याचा डावा कान जागेवर नव्हता आणि नाकातून फसफस आवाज येत होता. चोन टोपी काढून शेरीफकडे गेला. "कोम्पाद्रे, हे तुमच्या छपराखाली झालं." शेरीफ म्हणाला, "मी तेव्हा जेवत होतो, कोम्पाद्रे. पोरं तरुण आहेत, हात सुटतो कधीकधी." चोन टोपी घालून घरी आला.

बातमी शेरीफला लागायला वेळ लागला नाही. तो आला, सोबत कापलेलं अख्खं वासरू घेऊन. ओडिलियाने नेहमीसारखं हाताचं चुंबन घेतलं.

"कोम्पाद्रे," शेरीफ चोनला म्हणाला, "लोक काय वाट्टेल ते बोलतात. म्हणे तुझा खड्डा त्या गोळ्या विकणाऱ्याने घेतला."

"दिलाय, कोम्पाद्रे. या खेपेला शब्द गेलाय."

"शब्द परत घेता येतो."

"थुंकी घेता येते का?"

शेरीफ मोठ्याने हसला. हसता हसताच त्याने वासरू परत उचलायची खूण सोबतच्या शिपायांना केली. जाताना ओडिलियाच्या वेणीला हलकेच ओढ देऊन म्हणाला, "बापाला समजाव पोरी. तुझं ऐकतो तो."

शनिवारी सकाळी तीन ट्रक वस्तीत शिरले. हॅगन आणि त्याचे लोक आधी औषधांच्या दुकानावर गेले. काचा फुटल्याचा आवाज चर्चपर्यंत आला. बारेराच्या अंगावर कपाट लोटलं. त्याचं डोकं फुटलं. मग ट्रक वस्तीच्या नाचाच्या दालनाकडे वळले. तिथे बारेराच्या रविवारच्या मेजवानीसाठी टेबलं मांडत असलेल्या माणसांवर कुऱ्हाडीचे दांडे चालले. अकॉर्डियन वाजवून गाणारा मकारियो पळायला लागला. त्याला ओडिलियाच्या डोळ्यांदेखत कुंपणाला दाबून धरलं आणि तोंडावर मारलं. तो तोंड धरून खाली बसला, मग धुळीत हात फिरवून आपले दात शोधायला लागला. एकजण म्हणाला, "आता गा!" बाकीचे हसले. ट्रकमधून कुणीतरी ओरडलं, "लोंगोरिया कुठाय?"

ओडिलिया घरी पळाली. चोन तेव्हा खड्डा साफ करत होता, लाकडं अजून पेटवायची होती. पळून जायला वाट उरली नव्हती, दोन्ही गल्ल्यांत ट्रक होते. तो खड्ड्यातच उतरला. तोमासाने आणि ओडिलियाने वर पत्रा ओढला आणि पत्र्यावर माती लोटली. फटीतून चोनचा आवाज आला, "पोरी, कुणालाही सांगायचं नाही. फादर विचारायला आले तरी नाही."

"नाही सांगत, पापा."

तोमासा बाळाला घेऊन दारात जाऊन उभी राहिली, शिपायांना पुढेच अडवायला. ओडिलिया मागच्या अंगणात एकटी राहिली.

आणि मागच्या फाटकातून शेरीफ आला. एकटाच. टोपी हातात, कपाळावर घाम. तो ओडिलियापुढे उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील असा.

"पोरी, ही माझी पोरं पिसाळलीत. माझं ऐकत नाहीत. मकारियोचं काय केलं, बघितलंस ना?"

तिने मान हलवली.

"हॅगन तुझ्या बापाला शोधतोय. त्याच्या आधी मी पोचलो तर माझ्या गाडीत घालून माझ्या घरी नेईन. तिथे कोण हात लावेल त्याला? पण तो आहे कुठे, तेच मला माहीत नाही."

ओडिलियाने त्याच्याकडे पाहिलं. बाप म्हणाला होता, कुणालाही सांगू नको. पण पाद्रिनो म्हणजे 'कुणीही' नव्हे. पाण्याच्या कुंडापाशी ज्याने आपल्याला हातांवर धरलं, जो बापाचा कोम्पाद्रे, त्याला नाही सांगायचं तर कुणाला? मुलांनो, तिला मूर्ख म्हणू नका. मोठ्यांनी जे शिकवलं होतं, त्यातलं अक्षरन् अक्षर तिने खरं धरलं होतं, एवढंच.

तिने पत्र्याकडे बोट केलं.

शेरीफ उठला. तिच्या कपाळावर त्याने क्रूस काढला. मग दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली.

हॅगन आणि इतर दोघे कुंपणावरून उड्या टाकून आले. पत्रा उडाला. चोनला केसांना धरून वर ओढलं. तो अर्धा वर आला, तेवढ्यात दांडा त्याच्या पाठीत बसला. त्याने हॅगनच्या पायाला मिठी मारून त्याला खाली पाडलं, तेव्हा तिघेही त्याच्यावर तुटून पडले. ओल्या गोणीवर काठी बसावी तसा आवाज येत होता. तोमासा धावत आली. तिला एकाने ढकललं, ती बाळासकट भिंतीवर आदळली. शेजारची माणसं कुंपणांपाशी गोळा झाली, पण शिपायांच्या कमरेला पिस्तुलं होती. कुणी आत आलं नाही.

ओडिलियाने शेरीफचा कोट धरला. "पाद्रिनो, थांबवा ना! पाद्रिनो, तुम्ही म्हणाला होता!"

शेरीफने खरंच हात वर केला. मारणारे थांबले. ओडिलियाला वाटलं, आता गाडी आणतील. शेरीफ चोनजवळ गेला. चोन पालथा पडला होता, उजवा हात पुढे पसरलेला.

"कोम्पाद्रे," शेरीफ म्हणाला, "मताची फुली याच हाताने मारतोस ना?"

आणि त्याने बुटाची टाच त्या हातावर ठेवून सगळं वजन टाकलं. एकदा. मग पाय उचलून पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज कुंपणापलीकडच्या लोकांनाही ऐकू गेला.

कुणीतरी किंचाळलं. चोन नव्हे, शेजारची म्हातारी एउसेबिया. तिच्या चारही नातवांचा धर्मबाप हाच माणूस होता. "अरे, तुझा कोम्पाद्रे आहे तो!" ती ओरडली. "सैतानसुद्धा असं करत नाही!"

शेरीफने कुंपणाकडे पाहिलं. तिथले चेहरे त्याला एकूण एक ओळखीचे होते. जवळजवळ प्रत्येक घरातलं एखादं तरी लेकरू त्याने हातांवर धरलेलं. त्याने टोपी घातली आणि मागच्याच फाटकातून निघून गेला.

त्या दिवसानंतर ओडिलिया जेवेना. चोनचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. उजवा हात फळीला बांधलेला. ती त्याला चमच्याने रस्सा भरवायची आणि एक शब्द बोलायची नाही. शेवटी चोनच बोलला.

"काय झालं गं? जीभ खड्ड्यात पडली का?"

"मी सांगितलं, पापा. मीच सांगितलं."

"ठाऊक आहे." त्याने जपून कूस बदलली. बरगड्या दुखत होत्या. "मी तुझ्या जागी असतो तर मीही सांगितलं असतं. त्याच्यावर आधी विश्वास मी ठेवला, तू नंतर."

याने तिचं मन हलकं झालं, असं मी म्हणणार नाही. झालं नाही. पण तिने उरलेल्या रश्श्यातला थोडा खाल्ला.

रविवारी शेरीफने चौकात आपली मेजवानी मांडलीच. दुसऱ्या गावाहून आणलेलं मांस, बर्फात घातलेल्या बिअरच्या बाटल्या, वाजवणारेही भाड्याचे. टेबलं दुपारपर्यंत मोकळीच राहिली. रस्त्यावरची कुत्री तेवढी तृप्त झाली.

बारेराही काही कमी नव्हता. डोक्याला पट्टी बांधून तो चोनच्या घरी आला, बरोबर एक फोटो काढणारा.

"चोन, तुझा हा चेहरा सगळ्या जिल्ह्याने पाहिला पाहिजे. जरा उजेडात वळ."

तोमासाने केरसुणी उचलली. "डॉक्टर, आधी मलम काढा, मग फोटो काढा. आणलंय मलम?"

बारेराने खिसे चाचपले. मलम नव्हतं. तो शरमला, हे मात्र खरं. फोटोवाल्याला बाहेर पाठवून तो स्वतः दुकानात गेला आणि फुटक्या काचांतून जी सापडली ती औषधं घेऊन परत आला. चोनच्या हाताची पट्टी त्याने स्वतः बदलली. तेव्हा पहिल्यांदा तो त्या अंगणात न बोलता बसला.

"मी मत देणार आहे," चोन त्याला म्हणाला. "तुम्ही फार चांगले आहात म्हणून नाही. त्याने माझा हात त्यासाठी मोडला म्हणून."

मतदान मंगळवारी, शाळेत. शाळेच्या पायऱ्यांपाशी हॅगन आणि दोन शिपाई बंदुका घेऊन उभे होते, बाजूला शेरीफ. वस्तीतले लोक सकाळपासून आले होते, पण रस्त्याच्या पलीकडे. सगळे स्वच्छ कपडे घालून, टोप्या हातात घेऊन उभे. रस्ता कुणीही ओलांडत नव्हतं. बारेरा त्यांच्या पुढे होता. दोन पावलं टाकायचा, हॅगन बंदूक वर करायचा, बारेरा थांबायचा.

"चला ना डॉक्टर," मागून कुणीतरी म्हणालं. "रक्त एक आहे म्हणालात."

"अरे, पण सांडायचं कोणाचं, ते नव्हते बोलले," दुसरा म्हणाला. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात चोन आला. डोळ्यांच्या जागी दोन जांभळ्या फटी. डावा हात ओडिलियाच्या खांद्यावर. मागे तोमासा बाळाला घेऊन. तो थांबलाच नाही. तसाच रस्त्यात उतरला. अर्ध्या रस्त्यात त्याने ओडिलियाचा खांदा सोडला. "तू इथेच थांब," म्हणाला आणि शाळेचा पांढरा रंग जेवढा दिसत होता, त्याच्या दिशेने एकटा चालायला लागला.

हॅगन पुढे झाला आणि त्याने बंदुकीचा दस्ता चोनच्या गुडघ्यावर मारला. चोन कोसळला. उठला. दुसरा फटका पोटात. यावेळी तो गुडघ्यांवरच राहिला. एका हाताने जमीन चाचपत होता, पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते शोधत होता. रस्त्याच्या पलीकडे माणसं हलली, पण पुढे कुणी आलं नाही.

"ओडिलिया!" शेरीफने हाक मारली. आवाज तोच, मायेचा. त्याने हात पुढे केला. "इकडे ये पोरी. बापाला सांग घरी जायला. तुझ्या पाद्रिनोचं ऐक. नाहीतर हॅगन त्याला आज मारून टाकेल, आणि मला काही करता येणार नाही."

हे शेवटचं तरी खरं असेल, असं ओडिलियाला वाटलं. तोमासा मागून हाका मारत होती. ओडिलिया चालत निघाली. शेरीफ हसला आणि त्याने हात आणखी पुढे केला. ती त्याच्या हातासमोरून गेली, थांबली नाही. बापाजवळ पोचली, खाली वाकली, त्याच्या काखेत डोकं घालून तिने त्याला वर रेटलं. चोन उभा राहिला.

"उजवीकडे, पापा. पायरी आहे. आणखी एक."

हॅगन दारासमोर येऊन उभा राहिला. त्याने बंदूक दोन्ही हातांत आडवी धरली, दाराला अडसर घालावा तशी. "माघारी फिर," तो म्हणाला, "नाहीतर पुढचा फटका या पोरीला."

ओडिलियाने बापाला सोडलं. ती हॅगनच्या पोटाइतकीच उंच होती. तिने उडी मारून बंदुकीची नळी दोन्ही हातांनी पकडली, पाय जमिनीवरून उचलले आणि अंगाचं सगळं वजन नळीवर टाकलं. हॅगनने हिसका दिला, तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, कपाळातून रक्त आलं. तिने सोडलं नाही. त्याने तिच्या बोटांवर मूठ मारली. तिने सोडलं नाही. ती ओरडतही नव्हती. दात आवळून, डोळे मिटून लोंबत राहिली. नळी हळूहळू खाली गेली आणि दार अर्धं मोकळं झालं.

"पापा," ती म्हणाली, "दार समोर आहे. पाय उचला."